एक किलोचं प्रेशर

अमेरिकेतल्या मराठी माणसाच्या दारात कुठली गाडी असावी याचे काही अलिखित नियम आहेत. आधी कॅमरी किंवा अकॉर्ड, मूल झालं की ओडिसी नाहीतर सिएना, आणि हल्ली पगार बरा असेल तर टेस्ला. माझ्या दारात या सगळ्यांच्या शेजारी न शोभणारा २००१ सालचा डॉज रॅम २५०० ट्रक उभा असतो. गणपतीला घरी येणारी मंडळी हमखास विचारतात, "घराचं काम काढलंय का?" त्यांना वाटतं तो कंत्राटदाराचा आहे.

कॅम्पर ओढायला म्हणून घेतला, हे अधिकृत कारण. खरं कारण त्याच्या बॉनेटखाली आहे. ५.९ लिटर, सहा सिलिंडर, चोवीस व्हॉल्व्हचं कमिन्स डिझेल इंजिन. आम्ही राहतो इंडियानातल्या कोलंबसमध्ये. १९१९ साली कमिन्स कंपनी इथेच सुरू झाली. आणि माझे बाबा १९७४ ते २०१० अशी छत्तीस वर्षं पुण्यात कोथरूडला त्याच नावाच्या कारखान्यात होते. १९६२ साली किर्लोस्कर कमिन्स म्हणून निघालेला तो कारखाना. लहानपणी आमच्या घरात "कमिन्स" हा शब्द आडनावासारखा वापरला जायचा. मी स्वतः सॉफ्टवेअरवाला. इंजिन उघडायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. पण कोलंबसमध्ये राहायचं आणि दारात कमिन्स नाही, हे बरं दिसत नाही असं मला उगाच वाटत होतं.

ट्रक आधीच्या मालकाने भरपूर "सुधारलेला" होता. मूळ २३५ हॉर्सपॉवरचं इंजिन. त्याला मोठे इंजेक्टर, जास्त डिझेल मारायला लावणारा एक इलेक्ट्रॉनिक डबा, रुंद सायलेन्सर पाइप, आणि काचेच्या कडेच्या खांबावर तीन गोल गेज: एक टर्बोचं, एक एक्झॉस्टच्या तापमानाचं आणि एक फ्युएल प्रेशरचं. मूळचा लिफ्ट पंप काढून चेसिसच्या बाजूला बाजारातला मोठा पंप बसवलेला होता. मालकाने विकताना अभिमानाने सांगितलं होतं, "आयडलला वीस पीएसआय. दगडासारखं." खरंच होतं. गाडी उभी असताना काटा वीसवर, दगडासारखा.

हा लिफ्ट पंप म्हणजे हमाल. टाकीतलं डिझेल उचलायचं आणि इंजिनावरच्या मोठ्या इंजेक्शन पंपापर्यंत नेऊन द्यायचं, एवढंच त्याचं काम. खरा साहेब तो इंजेक्शन पंप. १९९८ च्या मध्यापासून २००२ पर्यंतच्या या ट्रकांत बॉशचा व्हीपी ४४ नावाचा पंप असतो. तो मोठा नाजूक प्राणी आहे. त्याच्या डोक्यावर त्याचं इलेक्ट्रॉनिक्स बसवलेलं, आत वंगणाला वेगळं तेल नाही, डिझेल हेच त्याचं वंगण आणि डिझेल हेच त्याला थंड ठेवणारं पाणी. येणाऱ्या डिझेलपैकी सुमारे ७० टक्के तो जाळायला घेतच नाही, अंगावरून फिरवून टाकीत परत पाठवतो. परत जायच्या वाटेवर एक झडप असते. ती साधारण १४ पीएसआयला उघडते. हमाल कमी पडला, दाब त्याखाली गेला, की झडप मिटते, आणि साहेब तापायला लागतो. तापून तापून एक दिवस बसतो. नवा बसवायचा म्हणजे हजार डॉलरच्या वरची गोष्ट, आणि बसतो तो घराजवळ नाही, चढावर कॅम्पर मागे असतानाच बसतो.

आणि आम्हाला चढावरच जायचं होतं. आईबाबा गेल्या वर्षी मे महिन्यात सहा महिन्यांसाठी आले. बाबा तेव्हा त्र्याहत्तरचे. मुंबईहून निघतानाच त्यांनी जाहीर केलं होतं की एवढा लांबचा प्रवास आता पुन्हा नाही. तेव्हा यंदा त्यांना स्मोकी माउंटन्स दाखवायचे, सगळ्यांनी कॅम्पर घेऊन जायचं असं ठरलं. कोलंबसहून लुईव्हिल, लेक्सिंग्टन, आणि मग आय-७५ ने खाली. केंटकी संपून टेनेसी लागतं तिथे जेलिको नावाचं गाव आहे. ते सुटलं की लगेच डोंगर चढायला लागतो. ट्रकवाल्या लोकांना तो चढ नावाने माहीत असतो. पाच माणसं, कॅम्पर, जूनचं ऊन. तिथे व्हीपी ४४ बसला तर काय, हा विचार मला रात्री यायचा.

कारण उभ्या गाडीत वीस दाखवणारा तो काटा चढावर आठ दाखवत होता.

कोलंबसपासून पश्चिमेला स्टेट रोड ४६ ने निघालं की ब्राउन काउंटीच्या टेकड्या लागतात. रिकाम्या कॅम्परसकट तिथे जाऊन आलो. सपाटीवर अठरा, चढाला पाय दाबला की चौदा, अकरा, नऊ, आठ. पाय काढला की पुन्हा अठरा.

आमच्या गल्लीत एक पंचविशीतला मुलगा आहे, डिझेल ट्रक हाच त्याचा धर्म. त्याने ऐकलं आणि लगेच खिशातून अॅलन की काढली. "सोपं आहे, स्क्रू आत घे. वीसचं सव्वीस कर, चढावर चौदा मिळतील." हिशोब वजाबाकीचा आहे आणि ऐकायला बरोबर वाटतो. पंपाच्या अंगावर रेग्युलेटर असतो. आत एक गोळी, गोळीमागे स्प्रिंग, स्प्रिंगमागे स्क्रू, स्क्रूवर लॉकनट. स्क्रू आत फिरवला की स्प्रिंग दबते, गोळी उशिरा उचलली जाते, दाब वाढतो. पाच मिनिटांचं काम.

बाबा ओट्यावर चहा घेऊन उभे होते. त्यांना सगळं भाषांतर करून सांगितलं. ते म्हणाले, "वीस पीएसआय म्हणजे किती? दीड किलोला थोडं कमी. आणि पाहिजे किती?" म्हटलं, चौदा. "म्हणजे एक किलो." कारखान्यात दाब किलोतच मोजायचे, चौरस सेंटिमीटर कुणी उच्चारत नसे. मग त्यांनी विचारलं, "या दाबावर इंजिनची ताकद ठरते का?"

हा प्रश्न त्यांनी का विचारला ते मला नंतर कळलं. बाबांचं आयुष्य पीटी पंपात गेलं. ती कमिन्सची स्वतःची जुनी पद्धत, १९५० च्या दशकातली. पीटी म्हणजे प्रेशर आणि टाइम. तिथे इंजेक्टरच्या बारीक भोकापाशी डिझेलचा दाब किती आणि ते भोक किती वेळ उघडं, या दोन गोष्टींवरच किती डिझेल जाणार ते ठरतं. वेळ इंजिनच्या वेगावर अवलंबून, तो आपल्या हातात नाही. दाब हातात आहे. म्हणून टेस्ट स्टँडवर पंप लावून, बारीक वॉशर घालून काढून, दाब जुळवणं म्हणजेच इंजिनची ताकद जुळवणं. बाबांच्या हाताखालून असे किती पंप गेले असतील ते त्यांनाही सांगता येत नाही. त्यांच्या जगात गेजवरचा आकडा हाच मालक होता.

म्हटलं, "नाही बाबा. इथे किती डिझेल मारायचं ते व्हीपी ४४ आणि त्याचा कॉम्प्युटर ठरवतो. हा दाब फक्त पुरवठ्याचा."

"मग हे आमच्यासारखं नाही," ते म्हणाले. थोडा वेळ पंपाकडे बघत राहिले. "मग स्क्रूला हात लावू नकोस. शिट्टीवर वजन ठेवलं म्हणून गॅस मोठा होत नाही."

मला हे वाक्य फार आवडलं. पंप ठरावीक डिझेल उचलतो. इंजिनला लागतं तेवढं पुढे जातं, उरलेलं रेग्युलेटर टाकीकडे परत सोडतो. उभ्या गाडीत इंजिनला फार लागत नाही, त्यामुळे उरतं भरपूर, आणि तुम्ही स्क्रूवर मागाल तो आकडा काटा दाखवतो. चढावर इंजिन सगळंच ओढून घेतं. उरत काहीच नाही, गोळी पूर्ण मिटलेली असते, आणि त्या क्षणी स्प्रिंग किती दाबलेली आहे याला काही अर्थ उरत नाही. म्हणजे स्क्रू फिरवून सव्वीस केले असते तरी चढावर आठच दिसले असते. आधीच्या मालकाने बहुधा हेच केलं होतं. विकणाऱ्याला आणि विकत घेणाऱ्याला, दोघांनाही उभ्या गाडीतला आकडा बघायला आवडतो.

"सक्शन बघितलंस का?" हा बाबांचा पुढचा प्रश्न. दाबाचं गेज पंपाच्या पुढे असतं. पंपाच्या मागे, टाकीच्या बाजूला, डिझेल ओढताना किती जोर लागतोय ते कुणीच बघत नाही. त्यांच्या काळात पीटी पंपाचं दुखणं आलं की पहिलं काम तेच, व्हॅक्यूम गेज लावायचं. स्वच्छ फिल्टर असताना पाऱ्याचे चार इंच, फिल्टर चोंदला तरी आठच्या पुढे नाही, हा पाठ त्यांना झोपेतही म्हणता येतो. पंप वेगळा असला तरी ओढण्याचं शास्त्र तेच.

ऑटो पार्ट्सच्या दुकानातून व्हॅक्यूम गेज आणलं, पंपाच्या आतल्या बाजूला एक टी बसवून जोडलं. फिल्टर दोन दिवसांपूर्वीच नवा घातला होता. गाडी आयडलला. काटा साडेनऊ इंचांवर.

यातली गंमत बघा. ज्या दोषासाठी मी कॅम्पर जोडून ब्राउन काउंटीपर्यंत जाऊन आलो, तो दोष दारात उभ्या असलेल्या गाडीतही पूर्ण दिसत होता. विजेवरचा पंप सारखाच फिरतो, उभा असो की चढावर, त्यामुळे ओढ कायम सारखीच. फक्त गेज दुसऱ्या बाजूला लावायला हवं होतं.

पुढचे दोन शनिवार टाकी उतरवण्यात गेले. ते वर्णन सविस्तर करण्यासारखं नाही. डिझेलचा वास कपड्यांतून जात नाही आणि बायको बोलत नाही, एवढं सांगितलं की पुरे. बाबांना मी गाडीखाली येऊ दिलं नाही, तर ते प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून वहीत आकडे लिहीत होते आणि दर पाच मिनिटांनी वाकून बघत होते. टाकीतून निघणाऱ्या नळीच्या तोंडाशी पितळेचा एक रेड्यूसर सापडला. दोन मापांच्या नळ्या जमत नव्हत्या म्हणून कुणीतरी घातलेला, हातात होता तो. बाबांनी खिशातली पेन्सिल त्यात घातली. अडकली. एवढा थोरला पंप, पुढे अर्ध्या इंचाची नळी, आणि सुरुवातीलाच पेन्सिल जाणार नाही असं भोक. बाबांनी तो तुकडा पुसून वहीच्या पानात गुंडाळून ठेवला, पुण्याला न्यायला. त्यांच्या जुन्या मित्रांना दाखवायला म्हणे.

टाकीत नवी सरळ नळी घातली, टाकीपासून पंपापर्यंत अर्ध्या इंचाचा होज, कुठेही काटकोन नाही. व्हॅक्यूम तीन इंच. आणि दाबाचा काटा आपोआप बावीसवर चढला, स्क्रू न हलवता. आता स्क्रूची वेळ आली, आणि तीसुद्धा उलट्या दिशेने.

हे काम बाबांनी स्वतः केलं. खाली आडवं पडावं लागणार नाही अशा बाजूला पंप होता. आधी त्यांनी काट्याचं काम केलं. यांत्रिक गेजचा काटा इंजेक्शन पंपाच्या धक्क्यांनी थरथरत असतो, आणि थरथरत्या काट्यावरून कुणी काही जुळवत नाही. गेजच्या नळीवरची बारीक सुईची झडप त्यांनी मिटवत नेली, काटा शांत होईपर्यंत, पण मेल्यासारखा होणार नाही इतपत. मग गेजची जागा तपासली: फिल्टरच्या आधी नाही, इंजेक्शन पंपाच्या तोंडाशी. कारण मधल्या वाटेवर काय हरवतं ते पंपापाशी मोजून कळत नाही. मग लॉकनट सैल केला, स्क्रू पाव आटा बाहेर. थांबले. गेजच्या काचेवर नखाने टिचकी. पुन्हा पाव आटा. थांबले. मी फोनवर आकडे टिपत होतो. वीस. एकोणीस. साडेसतरा. माझ्या लक्षात आलं, मी त्यांना काम करताना पूर्वी कधी पाहिलंच नव्हतं. घरी यायचे ते डब्याची पिशवी घेऊन आणि दमलेले. छत्तीस वर्षं ते तिथे काय करत होते ते मला कोलंबसच्या ड्राइव्हवेमध्ये दिसलं.

सोळावर थांबले. व्हीपी ४४ वाले लोक साधारण वीसच्या वर जाऊ देत नाहीत, सीलवर उगाच ताण येतो म्हणून. आणि चौदाच्या खाली जायचं नाही. सोळा मधोमध बसतं. लॉकनट आवळताना स्क्रू हलतो, म्हणून आवळून पुन्हा बघितलं. पंधरा आणि थोडं. पुन्हा सैल, पुन्हा थोडं आत, पुन्हा आवळलं. सोळा. जास्त डिझेल मारणारा तो इलेक्ट्रॉनिक डबा मी त्याच दिवशी काढून टाकला. आमच्या गल्लीतल्या मुलाला वाईट वाटलं. मला काळा धूर सोडत कुणाला मागे टाकायचं नव्हतं.

जेलिकोच्या चढावर बाबा पुढच्या सीटवर वही घेऊन बसले होते आणि काटा मोठ्याने वाचत होते. "साडेपंधरा... पंधरा... साडेचौदा..." मागे आईने रामरक्षा सुरू केली. "...साडेचौदा... साडेचौदा." माथा आला. चौदाच्या खाली एकदाही गेला नाही. मुलाने मागून टाळ्या वाजवल्या, कशासाठी ते त्याला माहीत नव्हतं.

स्मोकीजमधलं सगळ्यात उंच ठिकाण म्हणजे कुवोही. पूर्वी क्लिंगमन्स डोम म्हणायचे, २०२४ मध्ये त्याला त्याचं जुनं चेरोकी नाव परत मिळालं. उंची ६,६४३ फूट. गाडी बरीच वरपर्यंत जाते, तिथून मनोऱ्यापर्यंत अर्ध्या मैलाची डांबरी पायवाट आहे, पण भलतीच उभी. कॅम्पर तळावर ठेवून नुसता ट्रक घेऊन गेलो. आई, बायको आणि मुलगा पुढे गेले. बाबा एका बाकावर बसले. मी थांबलो.

"कसं वाटतंय?"

"ठणठणीत."

हा शब्द मी गेली कित्येक वर्षं दर रविवारी फोनवर ऐकतोय. पुण्यात सोफ्यावर बसून सांगितलेला असतो. म्हटलं, "बाबा, हे आयडलचं झालं. चढावरचं सांगा."

ते हसले. मग बराच वेळ झाडांकडे बघत होते. मग म्हणाले की घरी तिसऱ्या मजल्यावर चढताना दुसऱ्या मजल्याच्या वळणावर थांबावं लागतं, साधारण फेब्रुवारीपासून. छातीत दुखत नाही, नुसतं भरून आल्यासारखं होतं. आईला सांगितलेलं नाही. थांबल्यावर ती वर गेलेली असते, आणि ते खिशात किल्ली शोधल्यासारखं करतात.

आम्ही मनोऱ्यावर गेलो नाही. आईने वरून हात केला, आम्हीही केला. उतरल्यावर मी तिला सांगितलं, त्यांच्या देखत. दोन दिवस तिने त्यांच्याशी जेवणापुरतं बोलणं ठेवलं. सहा महिन्यांचे दोन झाले, तिकिटं बदलली, जुलैच्या शेवटी पुण्यात अँजिओग्राफी झाली. पुण्यात आधी काढलेला साधा कार्डिओग्राम, झोपून काढतात तो, चांगला होता. अँजिओग्राफीत एका रक्तवाहिनीत बराच अडथळा निघाला. स्टेंट बसवला. हॉस्पिटलमधून आले त्या दिवशी त्यांनी पितळेचा तो रेड्यूसर मित्रांना दाखवायला काढला होता, असं आई वैतागून सांगत होती.

आता दर रविवारी फोनवर देवाणघेवाण असते. ते ट्रकचं विचारतात, मी जिन्याचं. गेल्या रविवारी मी सांगितलं: ब्राउन काउंटीचा चढ, कॅम्परसकट, पंधरा, व्हॅक्यूम साडेतीन इंच, म्हणजे फिल्टर अजून बरा आहे. ते म्हणाले, तिसरा मजला, भाजीच्या पिशवीसकट, न थांबता.

मागून आईचा आवाज आला, "थांबले होते. चपलेचा पट्टा नीट करायला."